आधी ब्रेक, दिग्या

प्रिय दिग्या,

काल कावळा आला नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. तुला काही कळवायचं तर आपल्याकडे टपाल एकच, आणि ते काल गच्चीच्या कठड्यावर बसून, मान वाकडी करून, उडून गेलं. मग म्हटलं, आपणच लिहावं. तुझ्या या मित्राचं अक्षर शाळेपासून तसंच आहे, तेव्हा हसू नकोस.

दमलोय रे. आजारी वगैरे नाही, नुसता दमलोय. दिवसभर मरोळच्या गॅरेजमध्ये लोकांच्या टॅक्स्या दुरुस्त करायच्या, संध्याकाळी बसनं घाटकोपरला यायचं, आणि आता-आतापर्यंत दारात चपला काढायच्या आत अण्णांचा प्रश्न, "काय, बसयलात काय तां?" तू गेल्यावर शैला आणि मी अण्णांकडेच राहायला आलो, त्यामुळे सुटका नव्हती. वर्षभर रोज हेच ऐकलं. तुला स्वतःच्या वडिलांना नाही म्हणता येत नव्हतं, मग मी तर जावई!

'तां' म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तुझे जोड कार्ब्युरेटर.

आठवतं, मनोरीला ती गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा सीटवर कोंबडी बसली होती? दोन सीटची, वरून उघडी, विलायती गाडी, आणि स्टिअरिंगच्या मागे कोंबडी! बंगलीमागे माडाखाली किती वर्षं उभी होती देव जाणे. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचा पापड झाला होता. त्या बंगलीतल्या बाई म्हणाल्या, "घेऊन जावा बाबांनो, पण आधी अंडी काढू दे." मला सरळ भंगार दिसत होतं. तू मात्र बोनेटवर हात ठेवून म्हणालास, "सुध्या, ही पळणार." कोंबडी उठायला तयार नाही आणि हा म्हणतो पळणार!

भाईंदरच्या बाजूनं टेम्पोत घालून ती मरोळला आणली. गॅरेजच्या शेठनं मागची शेड दिली. मग आपले सगळे रविवार तिथेच गेले. माझं नवीन लग्न झालेलं, बायको तुझी सख्खी धाकटी बहीण, आणि तूच मला रविवारी पळवून न्यायचास. शैला डबा घेऊन यायची आणि तुझ्याकडे बघून म्हणायची, "दादा, याचं लग्न माझ्याशी झालंय की तुझ्याशी?" इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तू आरेच्या दूधकेंद्रावर धावत जाऊन थंड दुधाच्या बाटल्या आणल्यास. एक बाटली बोनेटवर ओतलीस. मी म्हटलं, येडा झालास काय?

गाडी चालायला लागली आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. आता हिला तयार करायची, पण पहिलं काम कोणतं?

बाहेरच्या देशांत म्हणे दुकानात जाऊन हवं ते सामान मागायचं. आपल्याकडे दुकान म्हणजे कुर्ल्याचं भंगार, आणि निवड म्हणजे त्यात जे हाताला लागेल ते. तुझ्या हाताला जोड कार्ब्युरेटर लागले. शैलाला तू समजावलंस, "माणूस एकाच नाकपुडीनं श्वास घेत असेल तर तो किती धावणार? आपण दुसरी मोकळी करायची, बस्स." त्याच महिन्यात मला एका ठोकलेल्या विलायती गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक मिळाले. आपल्या गाडीला जुने ड्रम ब्रेक, पॅडलवर अक्षरशः उभं राहावं लागायचं, आणि तरी गाडी आपल्या मर्जीनं थांबायची. थांबताना डावीकडे ओढायची ती वेगळीच.

"ब्रेक लावून कधी गाडी पुढे गेलीये काय रे?" तू म्हणायचास.

"पुढे जाऊन घरी परत यायचंय ना?"

"तू ना, म्हातारा जन्माला आलास, सुध्या. आधी पळव तर! थांबायचं कसं ते मग बघू."

हे भांडण शेडमध्ये चालायचं, आरेच्या रस्त्यावर चालायचं, आणि घरी जेवताना तर विचारूच नकोस. डिस्क आपल्या चाकाला बसवायला मध्ये एक लोखंडी प्लेट लागणार होती. ती मापात कापायची, भोकं पाडायची, आणि मुलुंडच्या कारखान्यात लेथवर तूच बसायचास. किती वेळा सांगितलं तुला! "करतो रे, पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात तू काय करून आणलंस? हॉर्न बसवायची पट्टी! गाडीला धड ब्रेक नाहीत आणि हॉर्न असा की आरेतल्या म्हशींनी दूध द्यायचं थांबवावं. तेव्हा हसलो होतो मी. आता हसू येत नाही.

अण्णांना गाडीचा रागच होता. गिरणी बंद पडल्यापासून माणूस घरात बसून, आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी ग्रीस माखून येतो. "दोन माणसांची गाडी! घरातली बाकीची माणसां काय टपार बसतली?" असं ते ओरडायचे, आणि आपण दोघं ताटात तोंड घालून हसायचो, कारण गाडीला टपच नव्हता. तू हयात असेपर्यंत ते एकदाही गाडीजवळ फिरकले नाहीत. पण जोड कार्ब्युरेटर हा शब्द मात्र त्यांना पाठ झाला होता. रोज जेवताना ऐकून ऐकून कोणालाही झाला असता.

मग तुझे डोळे पिवळे झाले.

दिग्या, एवढं साधं होतं ना रे ते? कावीळ म्हणजे झोपून राहायचं, तेल-तूप बंद, डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकायचं. शैला कानीकपाळी ओरडत होती. तू कुठल्याशा वैद्याचा पाला पिऊन कामावर गेलास, रविवारी गाडीखाली शिरलास. मी तुला पाय धरून बाहेर ओढला तर मला म्हणालास, "एवढा एक बोल्ट." कसला बोल्ट होता तो? मी नंतर शोधला, मला काही सापडला नाही. इस्पितळात तू मला ओळखलंस तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझ्यावर मी अजून चिडलेलो आहे, हे लिहून ठेवतो. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलोय.

दहाव्याला आम्ही मुलुंडकडे खाडीवर गेलो. पिंड मांडला. कावळे होते, भिंतीवर ओळीनं होते, पण एक शिवेल तर शपथ! भटजी म्हणाले, "मनात काही राहिलं असेल तर बोला." शैला म्हणाली, "दादा, अण्णांची काळजी करू नकोस, मी आहे." काही नाही. मामा म्हणाले, तुझ्या नावानं गावच्या देवळात अभिषेक करू. एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारल्या, परत भिंतीवर. ऊन चढलं. शैला रडायला लागली.

तेव्हा अण्णा पुढे झाले. टोपी काढली, हात जोडले, आणि ज्या माणसानं गाडीबद्दल कधी एक चांगला शब्द काढला नाही तो माणूस ओरडून म्हणाला, "दिगू, तुझ्या गाडयेक तां जोड कार्ब्युरेटर बसयतलंव! आता तरी घे रे बाबा!"

आणि कावळा शिवला! अरे, लगेच! शब्द संपायच्या आत!

सगळे हमसाहमशी रडले. मीही रडलो. पण तुला खरं सांगतो, रडता रडता माझ्या मनात आलं, दिग्या, मेल्यावरसुद्धा भांडण जिंकलास साल्या.

मग अण्णांनी मनावर घेतलं. माळ्यावरचे तुझे कार्ब्युरेटर खाली काढले, आणि एक दिवस मी घरी येतो तो काय, अण्णा मोरीत बसून त्यांना चिंच लावून घासतायत. देवाची भांडी घासावीत तसे! पितळेचे भाग लखलखत होते, आणि आतल्या बारीक भोकांमध्ये चिंचेचा चोथा. मला रागही येईना. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेऊन हवा मारून साफ केले आणि परत आणून त्यांच्या हातात दिले. बसवेपर्यंत देवाच्या फळीवरच ठेवायचे होते त्यांना.

तू म्हणशील, एवढं होतं तर बसवायचे ना! दोन्ही बसवायचे, आधी ब्रेक, मग कार्ब्युरेटर. मी तेच म्हटलं. अण्णा म्हणाले, "शब्द दिलो तां पयला. तेच्या आदी गाडयेक दुसरो नटसुदा लावचो नाय." तुझ्या आत्म्याचा प्रश्न होता, नटाला हात कोण लावणार?

आणि इकडे शैला. तू गेल्यावर शेजारची सीट रिकामी झाली, तर म्हणते, "आता मी बसणार. चालवायला पण शिकणार." मी म्हटलं, गाडी धोक्याची आहे. तर म्हणते, "दादा बसायचा तेव्हा नव्हती का धोक्याची? का आता बाजूला कावळा बसवून फिरणार आहेस?" तिला नाही म्हणवत नाही, अण्णांना नाही म्हणवत नाही. कार्ब्युरेटर लावले तर गाडी सुसाट सुटणार, ती थांबणार नाही, आणि बाजूला तुझी बहीण. नाही लावले तर अण्णांच्या लेखी तू कुठेतरी अधांतरी लटकलेला. सांग ना, मी काय करायचं होतं? मी काहीच केलं नाही. आज कार्ब्युरेटरचा जेट मिळत नाही, उद्या गॅस्केट मिळत नाही, असं सांगत वर्ष काढलं. वर्षश्राद्ध झालं तरी कार्ब्युरेटर फळीवरच. त्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

श्रावणातल्या एका रविवारी अण्णा स्वतःच मरोळला आले. बसनं, एकटे, आणि मांडीवर कापडी पिशवीत ते कार्ब्युरेटर. "आज माझ्यासमोर बसवा," म्हणाले. लग्नानंतर ते मला अहो-जाहो करतात, ठाऊक आहे ना तुला? आधी नुसतं अरे सुदीर होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "अण्णा, आधी एक चक्कर मारू. मुलाची गाडी कशी आहे ती बघा तरी."

बसले! पिशवी पोटाशी धरून तुझ्या बहिणीला हव्या असलेल्या त्या सीटवर बसले. आरेत शिरलो. झाडी दाट झाली होती, रस्ता ओला. अण्णा आजूबाजूला बघत होते, आणि दिग्या, त्यांना आवडत होतं रे. टोपी एका हातानं दाबून धरली होती, आणि तोंडावर हसू येत होतं ते ते दाबत होते. मी मुद्दाम काही केलं नाही, देवाशपथ. उताराला लागलो आणि वळणावर तबेल्यातल्या म्हशी रस्त्यात. मी पॅडलवर उभा राहिलो. गाडी नेहमीसारखी डावीकडे ओढली, गवतात घुसली, आणि एका म्हशीचं तोंड बोनेटवर आलं तेव्हा थांबली. भैया काठी आपटत आला, "मरना है क्या? बुढ्ढे को लेके रेस लगाता है!"

अण्णांची टोपी मागे कुठेतरी पडली होती. पिशवी तशीच पोटाशी. म्हशी गेल्या, मागून बस आली, वळसा घालून गेली.

मग म्हणाले, "दिगू हेच्यातच फिरा होतो?"

"हो."

"असोच?"

"असाच, अण्णा."

"माका कोणी सांगलां नाय."

कोण सांगणार होतं त्यांना? आपण तर ताटात तोंड घालून हसत होतो. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "सुदीर, हिका उबी रवाक येना नाय, आणि मी हिका पळवूक सांगतंय? तू तरी बोलाचंस रे मेल्या!" किती दिवसांनी मला मेल्या म्हणाले! टोपी शोधून आणली. परत येताना मी पहिल्या गिअरच्या पुढे गेलो नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळचा तो प्रश्न बंद झाला. पण नटाला हात लाव असंही ते म्हणाले नाहीत. शब्द तुला दिलेला होता, आणि तो सोडवायचा तर तुझ्याकडूनच. ते पितृपंधरवड्याची वाट बघत होते, हे मला आणि शैलाला काल कळलं.

काल गच्चीवर तुझं पान ठेवलं. वडे, खीर, आणि कावीळ झाल्यापासून तुला मिळाली नव्हती ती भजी. अण्णांनी पाणी फिरवलं. आणि अगदी साध्या आवाजात, तू समोर बसून पेपर वाचतोयस असं, म्हणाले, "दिगू, मी तुका शब्द दिललो, तो परत घेतंय. आदी ब्रेक. तुझ्या भैणीक त्या गाडयेत बसूचा आसा."

कावळा कठड्यावर आला. पानाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. गेला.

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं, चाळीतल्या बाकीच्यांची पानं केव्हाच फस्त झाली. त्यांच्या पानांवर झुंबड, आणि तुझं तसंच! अण्णा सकाळपासून उपाशी, उन्हानं चेहरा ओढलेला. शैलाला बघवेना. ती हळूच म्हणाली, "अण्णा, कार्ब्युरेटर बसवतो म्हणा ना. एकदाच म्हणा. मग काय ते करू आपण. तो येईल."

"खोटा सांगूचा नाय."

"पण दादा..."

अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आणि आभाळाकडे बघत, तू रात्री उशिरा घरी आलास की ओरडायचे ना, त्या आवाजात म्हणाले, "नाय इलो तर नाय इलो. बापूस मी आसंय!"

आणि खाली जाऊन पानावर बसले. शैलाला म्हणाले, वाढ.

दिग्या, दहाव्याला तो माणूस तुझ्यापुढे हात जोडून उभा होता. बापानं मुलापुढे हात जोडावे, ते मला तेव्हापासून सलत होतं. काल ते तुझ्यावर ओरडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले. शैला वाढता वाढता रडत होती, आणि मी मान वर केली नाही.

तर असं आहे. तुला राग आला असणारच. येऊ दे. मी तुझ्यावर चिडलोय, तू माझ्यावर चीड, फिटंफाट.

ती प्लेट आज मुलुंडला झाली. तुझ्या लेथवर आता दुसरा कोणीतरी बसतो, चांगला आहे बिचारा, मी दिलेल्या मापात करून दिली. मी मशीनजवळ उभा राहून बघत होतो. तुझ्या जागी त्याची पाठ बघणं जड गेलं, पण उभा राहिलो. उद्या रविवार आहे. अण्णा म्हणालेत, पाना धरायला मी येतो.

आता माझा शब्द घे. हा मी कावळ्याला देत नाही, भटजींना देत नाही, तुला देतोय. डिस्क बसवीन. आरेच्या त्या उतारावर शैला शेजारी असताना, ती म्हणेल तिथे, सरळ रेषेत गाडी थांबवून दाखवीन. एकदा नाही, अण्णांचं समाधान होईपर्यंत. त्याच्यानंतर, त्याच्यानंतरच, तुझे कार्ब्युरेटर लावीन, माझ्या हातानं, आणि मग तिला अशी पळवीन की तुला वर बसल्या बसल्या दात काढावे लागतील.

तोवर थांब. तुला ते कधी जमलं नाही, माहीत आहे मला. तरी थांब.

तुझ्यावर अजून चिडलेला,
सुध्या